आपा, त्या खड्ड्याला पाणी लागलं

आपा, तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, तुमच्या जियारतीला मी आलो होतो. उशिरा आलो, आणि आल्या आल्या चुकीच्या घरात जाऊन बसलो. तुमच्या शेजारी साखरपुड्याची बोलणी चालू होती. मी पांढरा सदरा घालून, तोंड पाडून, भिंतीला टेकून बसलो. कुणीतरी सरबत आणून दिलं. दुःखाच्या घरी सरबत ही काहीतरी नवी पद्धत असेल, असं म्हणून तेही प्यायलो. शेवटी मुलीच्या बापानं हळूच विचारलं, "तुम्ही पोराकडून का?" मी म्हणालो, "मी आपांकडून." तेव्हा त्या भल्या माणसानं मला हाताला धरून तुमच्या दारात आणून सोडलं. तुम्ही असतात तर पदराचा बोळा तोंडात कोंबून हसला असतात, आणि पुढची वीस वर्षं हे प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं असतंत. आता सांगणारं कुणी नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

तुमच्या घरात मला ओळखलं ते फक्त तुमच्या नातीनं, नसरीननं. लातूरला कोचिंग क्लासात जीवशास्त्र शिकवते, तुमच्यासारखीच कमरेवर हात ठेवून बोलते. तिनं मला निघताना एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. ती शेवटी लिहितो, कारण आधी लिहिली तर पुढचं लिहायचा धीर होणार नाही.

गावाचं नाव इथे घालत नाही. माझी पेन्शन अजून चालू आहे. लातूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव एवढं पुरे. जिल्हाही तेव्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर स्वतःच्या पायावर उभं राहत होतं, आणि सगळ्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगवता रंगवता पेंटर लोकांना जेवायला फुरसत नव्हती. नव्या जिल्ह्याला माहितीची फार भूक. विहिरी किती, वळू किती, शाळांना कौलं किती. त्यात जनावरांच्या पोटातले जंत किती, हे मोजायचं काम माझ्या वाट्याला आलं. मी नवा जनावरांचा डॉक्टर. रोज सकाळी कत्तलखान्यात जायचं, कापलेल्या शेळ्यामेंढ्यांची काळजं, म्हणजे यकृतं, आणि फुफ्फुसं तपासायची, कोणत्या गावच्या जनावरात काय सापडलं ते रजिस्टरात लिहायचं, आणि महिन्याअखेर तक्ता लातूरला पाठवायचा. म्हणजे त्या गावातल्या जिवंत जनावरांना वेळेवर औषध पाजता येतं. काम चांगलं होतं. अडचण एवढीच होती की मी उदगीरच्या लिंगायत व्यापाऱ्याचा मुलगा, गळ्यात लिंग, आणि घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नाही. आई नातेवाइकांना सांगायची, "आमचा शिवा सरकारात शिक्के मारतो." ते खोटं नव्हतं. चांगल्या मटणावर जांभळा शिक्का मीच मारायचो.

पहिल्या दिवशी मी चक्कर येऊन पडलो हे तुम्ही आख्ख्या बाजाराला सांगितलंत. कुठं पडलो तेही सांगितलंत. तुम्ही नळाशी बसून वजडी धूत होतात. वजडी म्हणजे जनावराच्या पोटाची पिशवी, ती उलटी करून घासायची आणि मुंडी-पायांबरोबर दुपारी बाजारात विकायची, हा तुमचा धंदा. मी डोळे उघडले तेव्हा तुमचा चेहरा वर होता आणि हातातलं पाणी माझ्या तोंडावर. पाणी कुठल्या बादलीतलं होतं ते मी आजवर विचारलेलं नाही.

"डाक्टरसाब," तुम्ही म्हणालात, "पडायचं तर वाळल्या जागी पडत जावा. हितं मी धुऊन राहिले."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही माझ्यासाठी एक स्टीलचा पेला वेगळा आणून ठेवलात. तो तुम्ही राखेनं घासायच्या, खिडकीत उंच ठेवायच्या, आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायच्या. सोमवारी माझा उपवास. सोमवारी तुम्ही मला सुरीला हात लावू द्यायच्या नाहीत. "आज तुमचा महादेवाचा दिस हाय. तुम्ही तिकडून बघा, मी कापते." मी दाराशी रुमाल नाकाला लावून उभा, तुम्ही काळीज उभं चिरून, नळ्या दाबून, माझ्याकडे वळवून धरायच्या. श्रावणात तर महिनाभर असंच. खात्याच्या नियमात तपासणी कुणी करायची ते स्पष्ट लिहिलं होतं, पण खात्याला श्रावण नसतो. त्या पेल्याबद्दल आणि त्या सोमवारांबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. तेव्हा ते माझ्या हक्काचंच वाटायचं, आपा. आता लाज वाटते.

माझ्या पहिल्या तीन महिन्यांच्या तक्त्यानं लातूरला खळबळ उडवली होती, ते आठवतं? कारण मी प्रत्येक कसायाला विचारायचो, "हे जनावर कुठलं?" आणि प्रत्येक जण सांगायचा, "हाळीचं." मी इमानानं लिहीत गेलो. नव्या जिल्ह्यातला झाडून सगळा जंत हाळी नावाच्या एकाच गावातून येतोय, असं माझ्या तक्त्यावरून सिद्ध झालं. लातूरच्या साहेबांनी तिकडे औषधाची पथकं पाठवायची तयारी केली. तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारलात.

"अवो, हाळीला बाजार भरतो जनावराचा! समदे तिथून इकत आणतेत. तुम्ही बाजाराला दवा पाजणार काय?"

मी उदगीरचा. हाळीचा बाजार आमच्याच तालुक्यातला. आमचे वडील दर आठवड्याला त्या बाजाराबद्दल बोलायचे. तरी मला हे सुचलं नव्हतं. मी चष्मा पुसत म्हणालो की मला ठाऊक होतं, मी फक्त कसायांची परीक्षा पाहत होतो.

मग तुम्ही मला शिकवायला बसलात. पुस्तकात लिहिलंय की आधी काळीज पाहावं. तुम्ही म्हणालात, आधी वजडी पाहा, आत काय खाल्लंय ते पाहा, मग काळीज पाहा. जनावराचा मालक खोटं बोलेल, कसाई खोटं बोलेल, पण जनावराच्या पोटातला चारा कशाला खोटं बोलेल? तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. सगळ्या जनावरांच्या पोटात तेच ते निघायचं, वाळका कडबा, लिंबाचा पाला, कुठे कुठे तर पोत्याचे दोरे. एके दिवशी चार मेंढ्यांच्या वजडीत तुम्हाला हिरवं सापडलं. तुम्ही ते चिमटीत धरून माझ्या नाकाशी आणलंत. सोमवार नव्हता, त्यामुळे मला मागे सरकता येईना.

"लव्हाळा हाय ह्यो," तुम्ही म्हणालात. "असल्या उन्हाळ्यात हिरवं कुठं ऱ्हायलंय? सावरीच्या तळ्यात. पाणी आटलं, कडंला लव्हाळा ऱ्हायला. समदी जनावरं तिथंच तोंड घालून राहिलीत. आता बघा काळीज."

मी काळीज चिरलं. नळ्यांतून चपटे जंत पानांसारखे बाहेर आले. पुस्तकात त्यांना पर्णकृमी म्हणतात, तुम्ही पत्ती म्हणायच्या. चारही मेंढ्यांत तेच. पुढच्या आठवड्यात ज्या ज्या पोटात लव्हाळा, त्या त्या काळजात पत्ती. तळ्याकाठी गोगलगाय असते, तिच्यातून हा जंत गवतावर येतो, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पण आमच्या भागात तो कुठल्या तळ्यावरून येतोय हे तुम्ही चिमटीत धरून दाखवलंत. मी तक्ता पाठवला. सावरीच्या सगळ्या जनावरांना औषध मिळालं आणि पावसापर्यंत टिकली बिचारी. मला लातूरहून शाबासकीचं पत्र आलं. तुम्ही हात पुसून विचारलंत, "काय लिहिलंय?"

"शाबासकी आहे."

"कुणाला?"

मी चष्मा पुसला. "खात्याला."

"मग खात्याला म्हणावं, उद्या वजडी धुवायला ये."

पत्रात माझं एकट्याचं नाव होतं, आपा. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून मी खातं मध्ये घातलं.

आता जिल्ह्याची गोष्ट. म्हणजे तुमच्या जिल्ह्याची. ज्या आठवड्यात जिल्हा झाल्याचे फटाके वाजले, त्याच आठवड्यात एक पिवळं, एका कानाचं कुत्रं फटाक्यांना भिऊन तुमच्या ओट्याखाली घुसलं ते निघालंच नाही. तुम्ही त्याचं नाव ठेवलंत जिल्ह्या. कत्तलखान्याबाहेर कुत्री पुष्कळ, पण जिल्ह्याचा मान वेगळा. मी एखादं फुफ्फुस खराब म्हणून बाजूला टाकलं, की तो शिस्तीत उठून येऊन माझ्यासमोर बसायचा. माझ्या कामावर इतका विश्वास ठेवणारा प्राणी खात्यात दुसरा नव्हता.

आणि तिथूनच आपलं भांडण सुरू झालं. मेंढ्यांच्या फुफ्फुसांवर पाण्यानं भरलेले फोड निघायचे, लिंबाएवढे, कधी कधी मोसंबीएवढे. तुमचं म्हणणं, दुष्काळात जनावर तापलेलं पाणी पितं, ते छातीत साठतं. माझं म्हणणं, नाही आपा, हा जंत आहे. कुत्रं असा फोड खातं, त्याच्या पोटात बारीक जंत वाढतात, त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, ती मेंढी खाते, तिला फोड येतो. माणसाच्या हाताला लागून पोटात गेली तर माणसालाही येतो. म्हणून हा माल कुत्र्याला घालायचा नाही, खोल पुरायचा. तुम्ही जिल्ह्याकडे पाहिलंत, जिल्ह्यानं तुमच्याकडे पाहिलं.

"माणसाला घालू नका म्हणता, कुत्र्याला बी घालू नका म्हणता. मग अल्लानं बनवलं कशाला? आन् ह्याच्या पोटात जंत हाय म्हणता, कुणी बघितला?"

मी बघायचं ठरवलं. जंताची गोळी काळजाच्या तुकड्यात लपवून जिल्ह्याला घातली. त्यानं काळीज खाल्लं आणि गोळी माझ्या चपलेजवळ आणून ठेवली. तीनदा. चौथ्यांदा तुम्ही ती कुटून गुळाच्या शिऱ्यात कालवलीत, वर "बिस्मिल्ला" म्हणालात, आणि तो ताटली चाटून मोकळा झाला. पुढचं सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी काळ्या ताटलीवर पाणी घालून मी तुम्हाला तिळाहून बारीक पांढरे ठिपके दाखवले. तुम्ही वाकून बराच वेळ पाहिलंत.

"ह्ये? एवढंसं?" तुम्ही म्हणालात. "हाव, दिसून राहिलं. पर पाण्याचं म्हणणं मी सोडत न्हाई."

तेव्हा पुरायला खड्डा पाहिजे, म्हणून मी अर्ज केला. दुष्काळी कामावरची माणसं आली आणि कत्तलखान्याच्या कोपऱ्यात खणू लागली. जमीन अशी की टिकाव उडून परत यायचा. पाच दिवस खणलं. सहाव्या दिवशी खालून आरडाओरडा झाला, मला वाटलं कुणावर दरड पडली. धावत गेलो तर खालचा माणूस गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून नाचत होता.

आपा, गावात त्या वर्षी अकरा हात, वीस हात, चाळीस हात विहिरी खणून लोकांनी दगड पाहिले होते. नवस केले, पायाळू माणसं फिरवली. आणि पाणी कुठं लागलं, तर रोगट फुफ्फुसं पुरायच्या खड्ड्याला! तासाभरात घागरींची रांग कत्तलखान्याच्या दारातून बाहेर गेली. ज्या घरच्या बायका आमच्या भिंतीवरून जाताना नाकाला पदर लावायच्या, त्या आत येऊन "सरका की जरा" म्हणून माझ्या तपासणीच्या टेबलाला धक्के देऊ लागल्या. मी ओरडत होतो, "अहो, हा रोगट माल टाकायचा खड्डा आहे!" एका म्हातारीनं घागर कमरेवर घेत विचारलं, "आजून टाकला तर न्हाई ना, बाबा?" नव्हता टाकला. मी टेबल भिंतीला सरकवलं.

खड्डा विहीर झाला. पण कागदावर तो खड्डाच होता, कारण मंजुरी खड्ड्याची होती. दुसरा खड्डा मागितला तर उत्तर आलं, आपल्याकडे खड्डा आहे. रजिस्टरात रोज लिहायलाच हवं होतं की रोगट मालाचं काय केलं. मी लिहू लागलो, "खड्ड्यात पुरले." खाली माझी सही आणि साक्षीदार म्हणून तुमचा अंगठा. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "काय लिहिलंय?" मी म्हणालो, "माल तपासला, एवढंच." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, शाईच्या डबीत बोट बुडवलंत, पाठ वळवून ठसा उमटवलात आणि वजडी धुवायला गेलात. माल कुत्र्यांकडे जात राहिला. म्हणजे आमच्या सरकारी कागदांप्रमाणे आख्खं गाव रोगट फुफ्फुसांच्या खड्ड्यातलं पाणी पीत होतं, आणि खरं पाहिलं तर जिल्ह्या दिवसेंदिवस जाड होत होता. असं आठ महिने चाललं.

मग लातूरचे साहेब तपासणीला आले. बारा वाजताचं ऊन, जीपचा प्रवास, घसा कोरडा. तुम्ही माझा पेला घासून पाणी दिलंत. साहेबांनी एक पेला प्यायला, दुसरा मागितला. मांडीवर रजिस्टर उघडं.

"पाणी गोड आहे हो. टँकरचं वाटत नाही. कुठलं?"

"खड्ड्याचं," तुम्ही म्हणालात.

"कसला खड्डा?"

"तुमचाच की, साहेब. रोगट माल पुरायचा."

साहेबांचं बोट त्याच क्षणी ज्या ओळीवर होतं ती त्यांनी मोठ्यानं वाचली, "सात फुफ्फुसे खड्ड्यात पुरली. साक्षीदार, खैरूनबी." आणि ते उठून लिंबाच्या झाडाकडे पळाले. तिथून त्यांनी गुळण्या करायला पाणी मागितलं. दुसरं पाणीच नव्हतं. तुम्ही त्याच खड्ड्याचं नेऊन दिलंत. मी दोन्हीकडून अडकलो होतो. पाणी चांगलं म्हणावं तर नोंदी खोट्या, नोंदी खऱ्या म्हणाव्यात तर साहेबांना विष पाजलेलं. मी चष्मा पुसत उभा राहिलो. शेवटी तुम्हीच पुढं झालात.

"साहेब, भिऊ नका. त्यात आजवर नखाएवढं बी पुरलेलं न्हाई. समदं गाव पिऊन राहिलंय. ही इहीर हाय. खड्डा आजून व्हायचाय."

स्वतःच्या खात्यातला खोटेपणा ऐकून इतका सुखावलेला अधिकारी मी पुन्हा पाहिला नाही. साहेब लिंबाखाली बसून हसायला लागले, मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले, आणि जागच्या जागी दुसऱ्या खड्ड्याला मंजुरी देऊन गेले. शेरा मारला, "पाणी लागणार नाही अशा जागी खणावा." जागा तुम्ही दाखवलीत. म्हणालात, गावात पाणी कुठं न्हाई ते मला लई ठावं हाय.

त्या दिवशी मला खरी भीती साहेबांची नव्हती. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली होती आणि तुम्ही ऐकली होती. मी तुम्हाला "तपासला" सांगितलं होतं आणि तुमचा अंगठा "पुरले"वर घेतला होता. तुम्ही माझा पेला उचलून घासायला बसलात. मी रजिस्टर मिटलं. नव्या खड्ड्यात चुना टाकून माल पुरायला लागलो, जिल्ह्याचं रेशन बंद झालं. तो रोज खड्ड्यावरच्या दगडांशी बसून माझ्याकडे असा पाहायचा, की मला रस्ता बदलावा लागायचा. तुम्ही त्याला दूधभाकरी सुरू केलीत आणि पंधरा दिवस माझ्याशी अबोला धरलात. पेला मात्र रोज घासलेला असायचा.

मग माझी बदली झाली. देगलूर, धर्माबाद, किनवट, नांदेड जिल्ह्यात फिरत राहिलो. बऱ्याच वर्षांनी कळलं, तुमचं लातूरला ऑपरेशन झालं. काळजावर फोड निघाला होता. मोसंबीएवढा.

मी भेटायला आलो, तेव्हा वाटभर एकच हिशेब मनात चालू होता. असा फोड वाढायला वर्षानुवर्षं लागतात, मला माहीत होतं. तो त्या आठ महिन्यांतला होता की आधीचा की नंतरचा, हे जगातला कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही, हेही माहीत होतं. पण जिल्ह्या तुमच्या ओट्यावर झोपायचा, तुम्ही त्याच हातानं भाकरी मोडायच्या, आणि त्याला माल मिळत होता कारण मी खड्ड्यासाठी भांडायच्या ऐवजी दोन शब्द लिहून मोकळा होत होतो. हे तुम्हाला सांगायचं ठरवून मी खाटेजवळ बसलो. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "डाक्टरसाब, डाक्टरनं काढला त्यो फोड कुठं टाकला, इचारलं का? कुत्र्याला देऊ नका म्हणावं."

पंधरा वर्षांच्या भांडणात तुम्ही दिलेली ती एकच कबुली. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली, इतका मी मोठ्यानं हसलो. आणि हसलो तेवढ्यात बोलायचं राहून गेलं. मी पुन्हा तोंड उघडलं, तर तुम्ही म्हणालात, "मोसंबी आणलीत का? आणली आसंल तर फिरवून आणा. लई दिस मला मोसंबी बघवायची न्हाई." त्यानंतर तुम्ही चांगल्या जगलात, नातीला शिकवलंत, माझ्या मुलाच्या लग्नात येऊन माझ्या आईशेजारी बसून जेवलात. आई तुम्हाला विचारत होती, "आमचा शिवा तिथं नेमकं काय करायचा हो?" तुम्ही म्हणालात, "शिक्के मारायचे. लई चांगले मारायचे." पण ते एक वाक्य मला कधी बोलता आलं नाही. दर ईदला फोनवर वाटायचं, आज बोलू.

आता नसरीनची गोष्ट. ती म्हणाली, "सर, मी क्लासात हा जंत शिकवते तेव्हा फळ्यावर गोल काढते. मेंढी, कुत्रा, माणूस. कुत्र्याच्या जागी 'जिल्ह्या' लिहिते, पोरं जन्मात विसरत नाहीत. आणि दादीची करंगळीही सांगते."

"कसली करंगळी?"

"तुम्हाला माहीत नाही? दादी म्हणायची, 'मला वाचता येत न्हाई, पर डाक्टर खोटं बोलताना चष्मा पुसतो. खऱ्याला अंगठा दिला मी, खोट्याला करंगळी. खोट्यावर माझा अंगठा कुणाच्या बापाला मिळायचा न्हाई.'"

आपा, ते रजिस्टर माझ्याकडे आहे. जुनी रजिस्टरं नष्ट करायचा हुकूम आला तेव्हा मी "नष्ट केले" असं लिहून ते घरी आणलं होतं. म्हणजे तेही खोटंच. परवा तुमच्या घरून आलो आणि माळ्यावरून काढलं. ज्वारीच्या दाण्याएवढा फोड मला लांबून दिसायचा, पण तुमचा ठसा मी एकदाही नीट पाहिला नव्हता. तुमचे हात ओले असायचे, ठसा फिका यायचा, मी पान उलटायचो. आता भिंग घेऊन बसलो. आठ महिन्यांची पानं, एकेका "पुरले"खाली एकेक चिमुकला, निमुळता ठसा. पहिल्या दिवसापासून. तुम्ही पाठ का वळवत होतात ते आज कळलं. आणि मग दुसऱ्या खड्ड्याचा पहिला दिवस आला, "तीन फुफ्फुसे पुरली." त्याखाली तुमचा अंगठा होता. रुंद, ठसठशीत, हात कोरडा करून लावलेला.

तुम्हाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तुम्ही पेला घासत होतात, सोमवारी माझ्यासाठी काळीज चिरत होतात. मी मात्र एका वाक्याची क्षमा मागायला इतकी वर्षं शब्द जुळवत बसलो. ते वाक्य आता लिहितो. मी खोटं लिहिलं, तुमच्या नावावर लिहिलं, आणि त्याचं तुम्हाला भोगावं लागलं असेल तर मला माफ करा.

हे सगळं लिहून झाल्यावर सही करायला पेन उचललं आणि परत ठेवलं. नातवाकडून शाईची डबी मागून घेतली, हात धुतला, टॉवेलला नीट कोरडा केला. चष्मा पुसलेला नाही. खाली अंगठा लावलाय, आपा.